कोळशाच्या चिमणीवर ससाण्याचं घर: मरता मरता वाचलेला पक्षी आता कुठे जाणार?

३० सप्टेंबर २०२४. ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं शेवटचं वीजकेंद्र त्या दिवशी बंद झालं. ज्या देशानं जगाला कोळशावर वीज बनवायला शिकवलं, त्यानंच कोळशाला रामराम ठोकला. अमेरिकेतही जुनी वीजकेंद्रं एकामागोमाग एक बंद होतायत. मिनेसोटा राज्यात सेंट क्रॉय नदीच्या काठावर ॲलन किंग नावाचं वीजकेंद्र आहे. तेही २०२८ पर्यंत बंद करायचं, असं त्याच्या मालक कंपनीनं जाहीर केलंय.

हवामानाच्या दृष्टीनं ही चांगली बातमी. पण या बातमीला एक दुसरी बाजू आहे. यातल्या बऱ्याच वीजकेंद्रांच्या चिमण्यांवर कुणाचं तरी घर आहे. ते घर आहे जगातल्या सगळ्यात वेगवान पक्ष्याचं, म्हणजे बहिरी ससाण्याचं.

आणि हा काही चुकून तिथे येऊन बसलेला पाहुणा नाही. साठ वर्षांपूर्वी पूर्व अमेरिकेतून पूर्णपणे पुसला गेलेला हा पक्षी परत आला, त्यात या धूर ओकणाऱ्या चिमण्यांचाही वाटा आहे. हे नेमकं झालं कसं? चिमण्या पाडल्यावर ससाण्यांचं काय होणार? आणि या सगळ्यातून आपल्याला काही शिकता येईल का? एकेक करून बघूया.

आधी हा पक्षी कोण, ते बघू

बहिरी ससाणा म्हणजे इंग्रजीतला पेरेग्रीन फाल्कन. नावातल्या 'बहिरी'चा कानांशी काही संबंध नाही. शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलीतून आलेला हा जुना शब्द आहे. आकारानं हा पक्षी साधारण कावळ्याएवढा. मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते.

याची शिकारीची पद्धत बघण्यासारखी असते. हा उंच आकाशात चढतो, खाली उडणारा पारवा किंवा दुसरा एखादा पक्षी हेरतो, पंख मिटतो आणि दगडासारखा खाली येतो. या सूर मारण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. शिकार बहुतेक वेळा हवेतच होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा घरटं बांधत नाही. काड्या नाहीत, गवत नाही. उंच कड्याच्या कपारीत मातीत किंवा बारीक खडीत पोटानं आणि पायानं एक खळगा करायचा आणि त्यात तीन-चार अंडी घालायची, एवढंच. ही सवय लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच खळग्याभोवती फिरते.

अंटार्क्टिका सोडला तर हा पक्षी सगळ्या खंडांवर सापडतो. भारतातही. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाहुणे ससाणे आपल्याकडे खाड्या, धरणं आणि शहरांतल्या उंच इमारतींवर दिसतात. शिवाय भारतीय उपखंडात कायम राहणारी त्याची एक पोटजात आहे, तिचं नाव शाहीन. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करणारा तो हाच.

मग एवढा दमदार पक्षी संपायला का आला?

एका शब्दात उत्तर द्यायचं तर, डीडीटी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डीडीटी हे चमत्कारी औषध मानलं गेलं. मलेरिया आणि टायफस पसरवणारे कीटक त्यानं मरत होते. त्याचे कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला १९४८ मध्ये नोबेल मिळालं. युद्ध संपल्यावर तेच डीडीटी शेतात, बागांत, जंगलांवर विमानातून फवारलं जाऊ लागलं.

अडचण अशी की डीडीटी सहजासहजी विरघळून संपत नाही. ते चरबीत साठतं. फवारलेल्या पानावरचा किडा लहान पक्षी खातो. असे शेकडो किडे खाल्लेला पक्षी ससाणा खातो. असे शेकडो पक्षी ससाण्याच्या पोटात जातात. साखळीत जो सगळ्यात वर, त्याच्या अंगात विष सगळ्यात जास्त.

हे विष मोठ्या ससाण्याला सहसा थेट मारत नव्हतं. ते अंड्यावर वार करत होतं. डीडीटीपासून शरीरात डीडीई नावाचं रसायन तयार होतं. अंड्याचं कवच बनताना त्यात जायला हवं ते कॅल्शियम डीडीईमुळे नीट पोचत नाही. कवच पातळ होतं. आई उबवायला बसते आणि तिच्याच वजनानं अंडं फुटतं.

बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नव्हतं. जोडी कड्यावर दिसायची, पिल्लं मात्र दिसायची नाहीत. म्हातारे पक्षी एकेक करून मेले आणि त्यांची जागा घ्यायला कुणी उरलं नाही.

हे लक्षात कसं आलं?

इथे गोष्टीला गमतीशीर वळण आहे. ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी १९६० च्या सुमारास सरकारकडे तक्रार केली की ससाणे फार झालेत, आमची कबुतरं खातायत, त्यांचं संरक्षण काढा. सरकारनं म्हटलं, आधी मोजू. मोजणीचं काम डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाकडे आलं. निकाल उलटाच लागला. ससाणे वाढले नव्हते, वेगानं घटत होते.

त्याआधी एकदा ब्रिटिश सरकारनं स्वतःच ससाणे मारले होते. युद्धात हवाई दलाची संदेश नेणारी कबुतरं वाचवण्यासाठी १९४० मध्ये तसा हुकूम निघाला आणि सुमारे ६०० ससाणे मारले गेले. पण बंदुकीनं मारलेले पक्षी पुन्हा वाढतात. युद्धानंतर ते वाढलेही होते. ही नवी घट वेगळी होती.

रॅटक्लिफना घरट्यांत फुटलेली अंडी सापडत होती. पूर्वीची अंडी कशी होती, हे कसं कळणार? त्यासाठी ते अंडी जमवणाऱ्यांच्या जुन्या संग्रहांकडे गेले. एकेकाळी पक्ष्यांची अंडी चोरून पेट्यांत मांडून ठेवणं हा तिथल्या लोकांचा छंद होता. त्या संग्रहांतली कवचं मोजल्यावर दिसलं की १९४७ च्या आसपासपासून कवचाचं वजन अचानक घसरलंय, म्हणजे डीडीटी सर्रास वापरात आलं अगदी त्याच काळात. १९६७ मध्ये 'नेचर'मध्ये हा निष्कर्ष छापून आला. अंडीचोरांचे संग्रह पक्ष्याच्या बाजूचा पुरावा ठरले.

अमेरिकेत चित्र याहून वाईट होतं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एकेकाळी ससाण्यांच्या साधारण ३५० जोड्या असाव्यात, असा अंदाज होता. १९६४ मध्ये जोसेफ हिकी यांच्या पुढाकारानं त्या भागातल्या १३३ जुन्या जागा पुन्हा तपासल्या गेल्या. ससाणा एकाही जागी सापडला नाही.

रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ मध्ये आलेलं होतं. लोकांचा दबाव वाढत गेला. १९७० मध्ये ससाणा अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. १९७२ मध्ये तिथल्या नव्या पर्यावरण संस्थेनं डीडीटीच्या जवळपास सगळ्या वापरांवर बंदी आणली.

बंदी आली, मग पक्षी आपोआप परतले का?

ब्रिटनमध्ये बऱ्याच अंशी हो. तिथे स्कॉटलंडसारख्या भागात काही जोड्या शिल्लक होत्या. विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंधनं आली तसे ते पक्षी वाढत, पसरत गेले. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून सोडण्याची मोठी मोहीम तिथे लागलीच नाही.

पूर्व अमेरिकेत मात्र वाढायला मूळ जोडीच उरली नव्हती. शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्यच.

म्हणून कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड यांनी १९७० मध्ये 'पेरेग्रीन फंड' सुरू केला. त्यांच्या मदतीला आले ते ससाणे पाळून शिकार करणारे छंदी लोक. त्यांनी आपले पाळलेले पक्षी दिले, पक्ष्याला हाताळायचं पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान दिलं. हे पक्षी वेगवेगळ्या भागांतल्या सात पोटजातींचे होते. मूळचा पूर्व अमेरिकी पक्षी संपलेला असल्यामुळे मिश्र रक्ताची नवी पिढी उभी करावी लागली. यावर तेव्हा टीकाही झाली. १९७३ मध्ये कॉर्नेलमध्ये २० पिल्लं वाढली आणि ही गोष्ट जमू शकते, हे सिद्ध झालं.

सोडण्याची पद्धतही या छंदी लोकांचीच होती. पंख फुटत आलेली पिल्लं उंचावरच्या पेटीत ठेवायची. माणूस दिसणार नाही अशा बेतानं खाऊ घालायचं. मग एक दिवस पेटीचं दार उघडायचं. पिल्लं उडायला शिकतात, काही आठवडे खाण्यासाठी परत येतात आणि हळूहळू शिकार जमली की निघून जातात. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या पंचवीस वर्षांत अमेरिका आणि कॅनडात असे सहा हजारांहून अधिक ससाणे सोडले गेले.

कड्यावरचा पक्षी चिमणीवर कसा पोचला?

सुरुवातीचा बेत साधा होता. ससाणे पूर्वी जिथे होते त्या कड्यांवरच पिल्लं सोडायची. पण कड्यांवर आता दुसरंच कुणी राहत होतं. शिंगवाली मोठी घुबडं रात्री येऊन पिल्लं उचलू लागली. मोठे ससाणे घरट्याची राखण करायला हजर असते तर त्यांनी घुबडांना हुसकावलं असतं. इथे पिल्लं पोरकी होती.

मग घुबडं नसतील अशा उंच जागा शोधणं सुरू झालं. काही पिल्लं समुद्रकाठच्या दलदलीत उभारलेल्या मनोऱ्यांवरून सोडली, काही शहरांतल्या गगनचुंबी इमारतींवरून.

इमारतीवर ससाणा हा प्रकार तसा अगदी नवा नव्हता. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये सन लाइफ कंपनीच्या इमारतीवर १९३६ पासून १९५२ पर्यंत ससाण्याची जोडी राहत होती. तिथली सुरुवातीची अंडी वाया गेली, कारण दगडी सज्ज्यावर खळगा करायला काहीच नव्हतं. मग एका पक्षीप्रेमीनं तिथे खडीचा ट्रे नेऊन ठेवला आणि पिल्लं जगू लागली. आजची घरट्याची पेटी म्हणजे त्याच ट्रेची सुधारित आवृत्ती.

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा या मध्य-पश्चिम राज्यांत १९८२ पासून मिनेसोटा विद्यापीठाच्या बड टॉर्डॉफ आणि पॅट रेडिग यांच्या पुढाकारानं पिल्लं सोडली जात होती. बॉब अँडरसन हे असेच एक ससाणा पाळणारे गृहस्थ या कामात होते. वीजकेंद्रांच्या चिमण्यांभोवती ससाणे घिरट्या घालतात, हे लक्षात आल्यावर तिथेच पेट्या बसवायची कल्पना पुढे आली. सुरुवातीच्या यशस्वी जागांपैकी एक होती वर उल्लेख आलेल्या ॲलन किंग वीजकेंद्राची चिमणी. त्यानंतर मिसिसिपी आणि ग्रेट लेक्सच्या काठावरच्या एकेका वीजकेंद्रावर पेट्या लागत गेल्या. तिथून शेकडो पिल्लं उडून गेली.

ससाण्याला चिमणीच का आवडली?

माणसाच्या नजरेला ती चिमणी दिसते. ससाण्याच्या नजरेला तो एक उंच, सरळसोट कडा असतो. त्यात चार गोष्टी जमून येतात.

• उंची: शंभर-दोनशे मीटर उंचीवरून चौफेर नजर टाकता येते आणि सूर मारायला मोकळी हवा मिळते.

• पाणी: वीजकेंद्राला यंत्रं थंड करायला पाणी लागतं, म्हणून ती नदीकाठी किंवा तळ्याकाठी असतात. स्थलांतर करणारे पक्षीही नदीच्या वाटेनंच जातात. आणि पारवे तर कारखान्याच्या आवारात बाराही महिने असतात. थोडक्यात, दारातच बाजार.

• सुरक्षितता: गुळगुळीत चिमणीवर रॅकूनसारखे अंडी पळवणारे प्राणी चढू शकत नाहीत. घुबडंही तिथे सहसा येत नाहीत.

• शांतता: कारखान्यात आवाज भरपूर, पण तो रोजचा, ठरलेला. ससाण्याला त्रास होतो तो घरट्याजवळ अचानक येणाऱ्या माणसांचा. कुंपण, पहारा आणि प्रवेशबंदीमुळे तिथे गिर्यारोहकही येत नाहीत आणि फोटो काढणारेही.

एकच गोष्ट कमी होती, ती म्हणजे खळगा करायला खडी. लोखंडी जाळीवर किंवा सिमेंटच्या सज्ज्यावर अंडं घरंगळतं, पावसाचं पाणी साचलं तर ते गार पडतं. म्हणून पेटी. लाकडी खोकं, एक बाजू उघडी, वर छप्पर, तळाला पाणी निघून जायला भोकं आणि आत काही इंच बारीक गोल खडी. यात कसलंही मोठं तंत्रज्ञान नाही. कोणताही सुतार एका दिवसात करून देईल असं काम.

पेटी लावली की काम संपलं?

नाही. उलट तिथून काम सुरू होतं, आणि ते बरंचसं कारखान्यातल्या कामगारांच्या अंगावर पडतं.

ससाणे वसंतात अंडी घालतात. सुमारे ३३ दिवस उबवतात. पिल्लं सहा आठवड्यांच्या आसपास पहिल्यांदा उडतात. म्हणजे साधारण मार्च ते जून-जुलै या काळात त्या बाजूला रंगकाम, वेल्डिंग, दुरुस्ती असं काही काढता येत नाही. वेळापत्रक पक्ष्याप्रमाणे हलवावं लागतं. अगदीच गरज पडली तर कामगार डोक्यावर हेल्मेट घालून आणि हातात झाडू उंच धरून वर जातात, कारण आई थेट डोक्यावर झेप घेते.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली की जाणकार वर जाऊन त्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालतात. याच कड्यांमुळे पुढे कळतं की कुठल्या चिमणीवर जन्मलेली मादी कुठल्या पुलावर संसार करतेय. पहिल्या उड्डाणात पिल्लू खाली पडलं, तर त्याला खोक्यात घालून परत वर नेणारा बहुतेक वेळा तिथलाच एखादा कामगार असतो. पेट्यांवर कॅमेरे लागल्यापासून घरबसल्या हा संसार बघणारे लोकही वाढले. आज आपण ज्याला 'नेस्ट कॅम' म्हणतो, ते लोकप्रिय करण्यात या वीजकेंद्रांवरच्या पेट्यांचा मोठा हात आहे.

आकडे काय सांगतात?

१९७५ मध्ये उत्तर अमेरिकेत ससाण्यांच्या फक्त ३२४ जोड्यांची नोंद होती. २५ ऑगस्ट १९९९ रोजी अमेरिकेनं या पक्ष्याला धोक्याच्या यादीतून बाहेर काढलं, तेव्हा अमेरिका आणि कॅनडा मिळून किमान १,६५० जोड्या होत्या. ब्रिटनमध्येही २०१४ च्या मोजणीत १,७०० हून अधिक जोड्या आढळल्या. लंडनमध्ये टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या उंच चिमणीवर ससाणे बसलेले लोकांनी दुर्बिणीतून बघितले. ते संग्रहालयही मुळात एक जुनं वीजकेंद्रच आहे.

म्हणजे कोळसा कंपन्यांनी पक्षी वाचवला का?

सोशल मीडियावर ही गोष्ट बरेचदा अशीच सांगितली जाते. गोंडस पिल्लाचा फोटो, मागे चिमणी आणि वर ओळ, 'उद्योग आणि निसर्ग हातात हात घालून'. इथे जरा थांबायला हवं.

ब्रिटन आणि अमेरिका शेजारी ठेवून बघा. ब्रिटनमध्ये मोठी मोहीम नव्हती, तरी बंधनं आल्यावर पक्षी परतला. अमेरिकेत मोहीम होती, पण डीडीटी चालूच राहिलं असतं तर सोडलेल्या सहा हजार पिल्लांची अंडीही तशीच फुटली असती. दोन्हीकडे सामाईक गोष्ट एकच, विषावर आलेलं बंधन. तो पाया होता. पिल्लं सोडणं ही त्यावरची भिंत. आणि पेटी हे छप्पर. छप्पर हवंच, पण पायाशिवाय ते उभं राहत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. कोळसा जाळल्यानं कार्बन डायऑक्साइड तर बाहेर पडतोच, पाराही पडतो. तो पाण्यात उतरतो, माशांत साठतो आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत पोचतो. म्हणजे पुन्हा तीच साखळी. चिमणीवर एक पेटी बसवल्यानं चिमणीतून निघणाऱ्या धुराचा हिशेब मिटत नाही.

तरी कामगारांचं श्रेय काढून घेता येणार नाही. वर्षानुवर्षं दुरुस्तीच्या तारखा पुढे ढकलणं, पडलेलं पिल्लू उचलून वर नेणं, खडी बदलणं, ही कामं कुठल्याही कायद्यानं सक्ती केली म्हणून झाली नाहीत. कंपनीची जाहिरात आणि कामगाराची माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमी वाचताना त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

आता चिमण्या पाडल्यावर काय?

हा प्रश्न बॉब अँडरसन यांना फार आधी पडला होता. चिमणीवर वाढलेलं पिल्लू मोठं झाल्यावर घर शोधताना चिमणीसारखीच जागा शोधतं, अशी त्यांना काळजी होती. असं चालू राहिलं तर हा पक्षी कायमचा माणसाच्या बांधकामांवर अवलंबून राहील. म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आयोवात मिसिसिपीच्या काठावर, एफिजी माउंड्सच्या परिसरात वेगळा प्रयोग केला. पिल्लांना आतून दगड लावलेल्या पेट्यांत वाढवलं आणि कड्यावरूनच सोडलं. डोळे उघडले की दगड दिसला पाहिजे, हा हेतू.

त्यानंतरच्या काळात मिसिसिपीच्या कड्यांवर ससाण्यांची घरटी पुन्हा दिसू लागली. आज तिथे कड्यांवर आणि चिमण्यांवर, दोन्हीकडे जोड्या आहेत. म्हणजे चिमणी हा त्यांचा शेवटचा मुक्काम नव्हता, अवघड काळातला थांबा होता.

पण सगळीकडे कडे नाहीत. जिथे भूभाग सपाट आहे, तिथे चिमणी गेली तर त्या जोडीचं घरच जातं. यावर लंडनमधल्या बॅटरसी वीजकेंद्राचं उदाहरण उपयोगी आहे. ते १९८३ मध्ये बंद झालं आणि अनेक वर्षं पडीक होतं. त्या ओसाड इमारतीत ससाण्यांनी घर केलं. पुढे तिथे दुकानं, घरं आणि कार्यालयं करायचं ठरलं, तेव्हा बांधकामाच्या काळात ससाण्यांसाठी वेगळा उंच मनोरा उभारून त्यावर पेटी बसवण्यात आली. २०२२ मध्ये ती इमारत लोकांसाठी उघडली. पक्ष्याला सोबत ठेवून एवढं मोठं काम करता येतं, हे तिथे दिसलं.

यातून तीन गोष्टी निघतात. पाडकाम विणीच्या काळात करायचं नाही. चिमणी पाडायच्या आधीच जवळच्या उंच जागी पेटी तयार ठेवायची. आणि हे सगळं वीजकेंद्र बंद करायच्या आराखड्यात पहिल्यापासून लिहून ठेवायचं, ऐनवेळी धावपळ नको.

मग आता धोका संपला म्हणायचा का?

नाही. नवे धोके उभे आहेत.

गेल्या काही वर्षांत एच५एन१ हा बर्ड फ्लू जंगली पक्ष्यांत पसरलाय. आजारी बदक किंवा पाणपक्षी हवेत मंदावतो, आणि ससाणा नेमका मंदावलेला पक्षी पकडतो. त्यामुळे शिकारच त्याला आजार देते. अनेक देशांत ससाणे या रोगानं मेल्याचं आढळलंय. कॅलिफोर्नियात शहरी ससाण्यांच्या अंड्यांत फर्निचर आणि विजेच्या उपकरणांत आग रोखण्यासाठी वापरली जाणारी रसायनंही मोठ्या प्रमाणात सापडली होती. डीडीटी गेलं, तरी साखळीत वर चढणारी रसायनं संपलेली नाहीत.

तिसरा धोका कागदावरचा आहे. ज्या कायद्याच्या छत्राखाली ससाणा वाचला, तो अमेरिकेचा धोक्यातल्या प्रजातींचा कायदा सध्या वादात आहे. प्राण्याचा अधिवास उद्ध्वस्त करणं म्हणजे त्या प्राण्याला 'इजा' करणंच, अशी नियमांतली व्याख्या गेली अनेक वर्षं होती. ती काढून टाकण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये मांडला. ससाणा आता त्या यादीत नाही, त्याला स्थलांतरित पक्ष्यांच्या वेगळ्या कायद्याचं संरक्षण आहे. पण यादीत असलेल्या पुढच्या पक्ष्याला ससाण्यासारखी संधी मिळेल का, हा खरा प्रश्न आहे.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध अगदी जवळचा आहे. भारतात शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली ती १९८९ मध्ये, म्हणजे अमेरिकेनंतर सतरा वर्षांनी. मलेरिया आणि काळा आजार पसरवणाऱ्या कीटकांविरुद्ध त्याचा वापर पुढेही चालू राहिला. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत सरकारी कंपनीच्या कारखान्यात अनेक वर्षं डीडीटी तयार झालंय.

आणि ससाण्याची गोष्ट आपण वेगळ्या नावानं जगलोय. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं अचानक मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घसरली. कारण बराच काळ सापडत नव्हतं. अखेर पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ मध्ये ते पुढे आलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते संशोधन करणाऱ्यांत होता तोच पेरेग्रीन फंड. ससाण्यावर शिकलेला धडा गिधाडांच्या कामी आला.

पुढचा क्रमही तोच. आधी औषधावर बंदी, ती २००६ मध्ये. मग बंदिस्त प्रजनन. मग सोडणं, त्यात २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच आणि ताडोबात आणलेली गिधाडंही आली. फरक एकच. अमेरिकेत पिल्लं सोडायच्या आधी विष जवळपास थांबलं होतं. आपल्याकडे डायक्लोफेनॅक गेलं तरी गिधाडांना घातक ठरणारी दुसरी औषधं बाजारात राहिली. त्यातल्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर बंदी यायला २०२३ उजाडलं. पाया अर्धवट असताना भिंत चढवायला घेतली, तर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

थोडक्यात सांगायचं तर...

ससाणा वाचला त्याला एकच कारण नाही, पण कारणांचा क्रम ठरलेला आहे. आधी विष थांबलं, मग पक्षी सोडले गेले, मग त्यांना राहायला जागा मिळाली. कारखान्याच्या चिमणीनं जागा दिली, आणि तिथल्या माणसांनी ती जपली.

आता त्या चिमण्या जातायत, आणि त्या जायलाच हव्यात. पण पेटीभर खडी दुसरीकडे हलवायला फारसा खर्च येत नाही. चिमणी पाडायची तारीख ठरवणाऱ्यानं कॅलेंडरमध्ये ससाण्याची वीण तेवढी बघून घ्यायची आहे.

पुढच्या वेळी घाटात एखाद्या कड्यासमोर उभे असाल आणि वरून काहीतरी दगडासारखं खाली येताना दिसलं, तर जरा थांबून बघा. तो शाहीन असू शकतो. त्याला अजून तरी चिमणीची गरज पडलेली नाही, कारण त्याचा कडा अजून त्याच्याकडे आहे. तो तसाच राहू देणं, हे पेटी बसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.